टोकणारी बाई

माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या मधे भीमा नदी होती. कवी लोक म्हणतात तशी नाही. खरीखुरी, पाण्याची आणि चिखलाची. बन्यामीन दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर आणि मी शिरूरला मिशनच्या शाळेत मास्तरीण. उघडीप असली की एस. टी. मला नदीपर्यंत सोडायची, मग नावेतून पलीकडे आणि पलीकडे दुसऱ्या एस. टी.ची वाट बघत बसायचं. पावसाळ्यात नाव बंद. मग शिरूरहून पुणे, पुण्याहून आगगाडीनं दौंड, असा द्राविडी प्राणायाम. त्यामुळे आषाढापासून दसऱ्यापर्यंत आमचा संसार बहुतेक पोस्टकार्डावरच चालायचा.

सासूबाईंनी शेवटी निकाल दिला होता. "जूनपतुर त्या नदीवरच्या पुलाचं काय व्हतंय बघा. न्हाईतर शाळा सोडायची आन् दौंडला यायचं. सून काय पोष्टानं नांदत न्हाई." त्यांचं चूक नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग यायचा. दौंडला दुसरी शाळा मिळेल, असं सगळे म्हणत. मिळाली असती कदाचित. पण मी स्वतः ज्या वर्गात पाटी घेऊन बसले होते, तोच वर्ग मला शिकवायला हवा होता, आणि नवराही हवा होता. दोन्ही मागणाऱ्या बाईला लोक हावरट म्हणतात. होतेच मी हावरट.

हे सगळं त्रेसष्ट सालच्या फेब्रुवारीतलं. त्या सुमारास दिल्लीच्या रस्ते खात्याला प्रश्न पडला होता, की जिल्ह्या-जिल्ह्यांतले कुठले रस्ते नुसते गावापुरते आणि कुठले देशाच्या कामाचे? आमचा रस्ता देशाच्या कामाचा ठरला, तर भीमेवरच्या पुलाला दिल्ली पैसे देणार होती. नाही ठरला, तर पुढची पंचवार्षिक योजना येईपर्यंत पुलाचं नाव काढायचं नाही. हे ठरवायला दिल्लीचं खातं आणि आमच्या राज्याचं बांधकाम खातं मिळून काम करणार होती. मिळून म्हणजे कसं, तर दिल्लीनं प्रश्न दिले आणि राज्यानं टेबल दिलं. तीन दिवस न्हावऱ्याच्या पुढच्या फाट्यावर बसायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून विचारायचं: कुठून आलात? कुठं चाललात?

विचारायला शिकलेली माणसं हवी होती. सरकारला शिकलेलं माणूस हवं झालं, की ते शाळेत येतं. खानेसुमारी असो की निवडणूक, मास्तर आहेतच जुंपायला. आमचे हेडमास्तर नथानिएलसर नावं पाठवायला कुरकुरत होते, तोवर मी हात वर करून मोकळी झाले होते. पुलाचा निकाल माझ्या डोळ्यांसमोर लागणार असेल, तर मी घरी कशी बसू?

फाट्यावर बाभळीखाली टेबल मांडलं होतं. तिथून एक रस्ता खाली भीमेच्या उताराकडे जायचा आणि दुसरा अलीकडच्याच वाड्यावस्त्यांकडे. राज्याकडून आले होते डेप्युटी इंजिनिअर पेंडसे. माणूस सज्जन, पण वरून आलेल्या कागदापुढे इतका वाकायचा की कण्याची काळजी वाटावी. दिल्लीकडून आले होते राघवनसाहेब, कुंभकोणमचे. उंच, सावळे, आणि प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची हौस. बैलाच्या गळ्यात घंटा एकच का, एस. टी.च्या टपावर कोंबड्या बांधायला परवानगी आहे का, शिरूरला लोक घोडनदी का म्हणतात, नदीचं नाव गावाला का गावाचं नदीला, असं त्यांचं सकाळपासून चाललेलं. पेंडसे प्रत्येक प्रश्नाला "चौकशी करून कळवतो" म्हणायचे. तिसरे होते रस्त्याच्या गँगचे मुकादम सोपानराव. त्यांच्याकडे लाल बावटा होता. ते तो आडवा धरून गाडी थांबवायचे आणि मी विचारायचे.

पहिली बैलगाडी आली. कांद्याची पोती भरलेली. मी छान हसून विचारलं, "दादा, कुठं चाललात?"

गाडीवाल्याचं तोंड कडू झालं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, बैलांकडं पाहिलं आणि म्हणाला, "हितंच."

"इथंच म्हणजे?"

"हितंच की." आणि त्यानं गाडी हाकली.

दुसरा म्हणाला, "जवळच." तिसऱ्या गाडीतल्या म्हाताऱ्यानं उत्तरच दिलं नाही. गाडी कडेला घेतली, बैल सोडले आणि बाभळीखाली जाऊन स्वस्थ बसला. घटकाभरानं मडक्यातलं पाणी प्याला आणि पुन्हा बैल जुंपून निघून गेला. पेंडसे म्हणाले, बैल दमले असतील. राघवनसाहेबांना त्याचंही कुतूहल वाटलं. इकडचे बैल इतक्या सकाळीच दमतात का, असं त्यांनी विचारलं.

संध्याकाळी कागद एकत्र केले. हितंच, जवळच, पुढं, हितंच, हितंच. राघवनसाहेबांनी टेबलावर बोटं वाजवली. मला मिशनच्या शिक्षणानं इंग्रजी चांगलं यायचं, म्हणून ते माझ्याशीच बोलले. "बाई, तुमच्या या रस्त्यावरून कुणीच नदी ओलांडत नाही. सगळे अलीकडेच थांबतात. मग पूल कुणासाठी?"

मी म्हणाले, "साहेब, हे साफ खोटं आहे. दर खेपेला नावेसाठी मी याच कांद्याच्या गाड्यांच्या मागं ताटकळत बसते."

"असेल. पण मला दिल्लीला कागद न्यायचा आहे, तुमचं ताटकळणं नेता येणार नाही."

ते कुचकट बोलले नव्हते. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. पण मी त्या रात्री जेवले नाही. माझ्या आईनं, दयाबाईनं, दोनदा ताट वाढलं आणि दोनदा झाकून ठेवलं. रस्त्यावरच्या त्या सगळ्या माणसांचा मला इतका संताप आला होता. यांच्याच कांद्यासाठी पूल होणार आणि हेच मेले खोटं बोलणार! खोटं बोलून यांना काय मिळत होतं, ते काही केल्या कळेना.

दुसऱ्या दिवशी शिरूरचा बाजार. रस्ता गजबजलेला असायचा, म्हणून आम्ही लवकर जाऊन बसलो. तर रस्ता रिकामा. एक एस. टी. गेली, एक सायकलवाला गेला. बैलगाडी एकही नाही. पेंडसे घाबरले. "मोर्चा वगैरे तर नसेल? कुणी बहिष्कार घातला असेल का?" सोपानराव बावटा खांद्यावर टाकून आभाळाकडं बघत उभे. त्यांना काहीतरी ठाऊक होतं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. पण साहेब लोकांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारलं तरी शक्यतो नाही, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी ठरवलेलं असावं.

राघवनसाहेबांनाच धूळ दिसली. रस्त्यापासून लांब, शेतांच्या पलीकडे, ओढ्याच्या अंगानं धुळीचा पट्टा सरकत होता. "तिकडं रस्ता आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही," पेंडसे म्हणाले. "नकाशात तरी नाही."

"मग तिकडून काय जातंय?"

पेंडसे म्हणाले, चौकशी करून कळवतो. राघवनसाहेब तोवर बांध उतरले होते. मीही पदर खोचून मागं निघाले.

ओढा कोरडा होता. त्याच्या वाळूतून गाड्यांची रांग चाललेली. कांदा, भाजी, ज्वारीची पोती. चांगला खडीचा रस्ता सोडून ही सगळी मंडळी वाळूतून बैलांचे हाल करत निघाली होती! एका गाडीचं चाक रुतून बसलं होतं. हौसराव नावाचा शेतकरी बैलांना ओढत होता आणि त्याची बायको धुरपदा मागून चाकाला रेटा देत होती. राघवनसाहेबांनी कोट काढून वाळूत टाकला आणि चाकाला खांदा लावला. मीही लावला. चाक निघालं, तेव्हा आम्ही चौघं घामानं आणि धुळीनं सारखेच दिसत होतो. दिल्ली कोण, धुरपदा कोण, सांगता आलं नसतं.

"काय वो मावशी," मी दम खात म्हणाले, "चांगला रस्ता सोडून हिकडनं का?"

धुरपदानं कपाळाचा घाम पुसला. "बाई, तिकडं फाट्यावर एक टोकणारी बाई बसलीया."

"कोण बसलीया?"

"टोकणारी. सरकारनं बसवलीया म्हनं. येईल त्येला टोकती. काल आमच्या जाऊबाईला टोकलं, तर एवढंसं तोंड करून माघारी आली. आज बाजाराचा दिस. टोकून घ्यून कोन जाईल? कांदा विकायचा हाय का न्हाई?"

आणि मग मला सगळं कळलं. इतकं सोपं होतं, की माझीच मला लाज वाटली आणि हसूही आलं.

आमच्या भागात घराबाहेर पडलेल्या माणसाला कुणी 'कुठं' विचारत नाही. विचारलं, की टोकलं म्हणतात, आणि टोकलेलं काम होत नाही. मग माघारी फिरायचं, घडीभर टेकायचं, पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं. टेकायला सवड नसेल, तर 'हितंच' म्हणायचं. जाणारा कुठं जातच नाहीये म्हटल्यावर अपशकुन तरी कुणाच्या मागं लागणार? शिरूर डेपोचे कंडक्टरसुद्धा तिकीट फाडताना 'कुठं' म्हणत नाहीत, 'बोला' म्हणतात. आम्ही ख्रिस्ती माणसं. शकुन-अपशकुन पाळायचे नाहीत, असं पाळकसाहेब दर दोन महिन्यांनी सांगायचे. आई मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी मी निघाले की विचारायची, "लांब?" मग मी आपण होऊन सांगायचे, दौंडला चालले, सोमवारी येते. जन्मभर ऐकलेली गोष्ट. पण टेबलाच्या मागं बसलं, की माणूस सरकार होतं, आणि सरकारला आई नसते.

मी हे राघवनसाहेबांना सांगितलं. म्हटलं, आता हे हसणार आणि आमच्या अडाणीपणावर दिल्लीत चार माणसांना गोष्ट सांगणार. ते हसले खरे, पण वाळूत मटकन खालीच बसले.

"बाई," ते म्हणाले, "आमच्या कुंभकोणमला माझ्या आईसमोर कुणी हा प्रश्न विचारला असता, तर तिनं मला परत आत बोलावून पाणी पाजलं असतं. कॉलेजच्या परीक्षेला निघालो, तेव्हा एकदा पाजलंही होतं. हा प्रश्न मीच लिहिलाय हो! दिल्लीत बसून, इंग्रजीत. इंग्रजीत लिहिताना आईची आठवणच आली नाही. इंग्रजीत अपशकुन नसतो."

धुरपदाला आमचं बोलणं समजत नव्हतं. ती मला म्हणाली, "ह्ये साहेब का बसलं? लागलं का कुठं?" मी म्हणाले, "न्हाई मावशी. टोकणारी बाई मीच." तिनं जीभ चावली, मग मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "अगं बया, दिसायला तर चांगली हाईस की!"

फाट्यावर परत येऊन खरी लढाई झाली. राघवनसाहेब म्हणाले, प्रश्न बदलू. पेंडसे म्हणाले, मराठी शब्द मुंबईहून मंजूर होऊन आलेत, मुंबईला लिहावं लागेल, मुंबई दिल्लीला विचारेल. राघवनसाहेब म्हणाले, दिल्ली म्हणजे या टेबलावर मीच आहे. पेंडसे म्हणाले, मराठीचा अधिकार दिल्लीला नाही.

"कबूल," राघवनसाहेब म्हणाले. "इंग्रजी प्रश्न माझा, तो तसाच राहील. मराठीत कसा विचारायचा ते राज्याचं काम. आणि राज्य म्हणजे इथं तुम्ही."

पेंडशांना दरदरून घाम फुटला. आजवर कुणी त्यांना राज्य म्हटलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "काय विचारायचं म्हणता?"

"लांब?" मी म्हणाले.

"लांब? हे काय वाक्य झालं? यात कर्ता नाही, क्रियापद नाही."

"गाडीत बसलाय तो कर्ता, साहेब. आणि गाडी चाललीच आहे."

पेंडशांनी मुंबईचा मंजूर कागद पुन्हा उघडला. मला वाटलं, झालं, गेला पूल. आणि सोपानराव, ते सोपानराव, आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बोलले. "साहेब, माझी थोरली पोरगी पल्याड दिलीय. मागल्या आखाडात तिचं बाळ गेलं. मला तिसऱ्या दिवशी कळलं. काय इचारायचं ते इचारा, पर नीट इचारा."

पेंडशांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "विचारा," ते मला म्हणाले. "मी बघून घेतो." त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला.

धुरपदानं बाजारात सांगून टाकलं, की टोकणारी बाई सुधारली. तिसऱ्या दिवशी रस्ता फुलून गेला. लोक मुद्दाम बघायलाच आले असावेत. सोपानरावांनी बावटा धरला आणि मी पहिल्या गाडीवाल्याला म्हणाले, "लांब?"

त्याचं तोंड उजळलं. "व्हय बाई. पल्याड, दौंडाला. मालगाडीला कांदं लावायचं हाईत, तिथनं म्हनं कलकत्त्याला जात्यात. म्हागारी येताना सरकी आनायची. आन् आमच्या मेव्हण्याची सोयरीक बघायची हाय, पोरगी चांगली हाय, पर हुंड्याला..." थांबवताना पुरेवाट झाली. राहूची शेवंताबाई फुलांच्या पाट्या घेऊन नदी ओलांडून आली होती. फुलं नावेच्या रांगेत कशी सुकतात, हे तिनं पाट्या उघडून दाखवलं. वढूला समाधीच्या दर्शनाला जाणारी मंडळी आली, दौंडचे रेल्वेवाले आले. नदी कुणाला चुकली नव्हती. राघवनसाहेब माझ्या शेजारी उभे राहून 'लांब?' म्हणायला शिकले. त्यांच्या तोंडी ते 'लाम्ब' व्हायचं, पण लोकांना चालायचं.

दिवस मावळायच्या आत कागद बांधून जीपमध्ये ठेवले. राघवनसाहेब आणि पेंडसे पुण्याला निघाले. आता ते कागद दिल्लीला जाणार, तिथं कुणीतरी ते बघणार आणि त्यावर माझी शाळा, माझा नवरा, सगळं ठरणार. जीप सुरू झाली आणि त्या धांदलीत मी धावत पुढं गेले. "साहेब, आता हे कागद आधी कुठं जाणार?"

बोलले आणि माझा हात तोंडावर गेला. दिवसभर सगळ्या मुलखाला 'लांब?' विचारून झालं होतं आणि ऐन वेळी मीच टोकलं! सोपानरावांनी कपाळाला हात लावला. पेंडसे कसनुसं हसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चला, चला, उशीर होतोय."

"थांबा," राघवनसाहेब म्हणाले.

त्यांनी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं. जीपमधून खाली उतरले. कागदांचं गाठोडं उचलून परत टेबलावर आणून ठेवलं आणि बाभळीखालच्या दगडावर बसले. दिल्लीचा एवढा मोठा इंजिनिअर, ज्याच्या सहीनं डोंगर फुटत होते, तो सोपानरावांना म्हणाला, "पाणी."

सोपानरावांनी मडक्यातलं पाणी तांब्यात दिलं. साहेबांनी ते सगळं प्यायलं, अगदी सावकाश. मला रडू येत होतं आणि ते लपवायचं मला सुचलं नाही. शकुनावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण या माणसाला पूल व्हायला हवा होता. माझ्याइतकाच हवा होता. ते मला त्या तांब्याभर पाण्यात दिसलं.

मग ते उठले, गाठोडं जीपमध्ये ठेवलं आणि मला म्हणाले, "येतो."

जातो नाही म्हणाले. तेही कुणीतरी शिकवलं असावं, किंवा कुंभकोणमलाही तसंच म्हणत असतील.

मे महिन्यात पुण्याहून पेंडशांचं कार्ड आलं. त्यांनी लिहिलं होतं, "चौकशी केली. पूल मंजूर." एवढंच. मी ते कार्ड सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मंजूर व्हनं आन् व्हनं ह्यात लई अंतर असतंय," आणि मग वर्षभर थांबल्या, मग आणखी थांबल्या. खांब नदीतून वर येताना दिसत होते, त्यामुळे त्यांना फार बोलता येत नव्हतं. शाळा मी सोडली नाही.

पूल सुरू झाला, त्या शनिवारी मी शिरूर डेपोतून दौंडच्या एस. टी.त बसले. थेट दौंड. मधे नाव नाही, उतरणं नाही. गाडी खच्चून भरलेली, आणि कंडक्टर नवा, बाहेरून बदलून आलेला. माझ्यापाशी येऊन तिकिटाचा चिमटा वाजवत त्यानं विचारलं, "कुठं?"

सगळी गाडी माझ्याकडं वळून बघायला लागली. मागच्या बाकावरून कुणीतरी "आता बसा पानी पीत" म्हणालं आणि लोक हसले.

मी म्हणाले, "हितंच. दौंडला."